ऐकणाराला नांवें ठेवूं नका

आपल्या म्हणी एकदां कान देऊन ऐका. पालथ्या घड्यावर पाणी. गाढवापुढें वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता. बहिऱ्यापुढें गाणें आणि आंधळ्यापुढें नाचणें. या सगळ्या म्हणींत दोष कोणाचा? ऐकणाराचा! घडा पालथा, गाढव मूर्ख, बहिरा तो बहिराच. पण पाणी ओतणारानें आधीं घड्याचें तोंड कोणीकडे आहे तें कां पाहिलें नाहीं, याची म्हण कोणीं केली नाहीं. कारण उघड आहे. म्हणी करणारे बहुतेक सांगणारांच्या बाजूचे. ऐकणाराला म्हण करावयास सवड कोठें होती? तो वखर धरून होता, चाक फिरवीत होता, भाता ओढीत होता.

मी खेड्यांतला शाळामास्तर आहें. सांगणें हाच माझा पोटाचा धंदा. म्हणून या धंद्यांतली लबाडी मला ठाऊक आहे. सांगणाराला आपलें सांगून झालें कीं सुटल्यासारखें वाटतें. साहेब परिपत्रक वाचतो आणि सुटतो. दुकानदार बाटलीबरोबर कागद देतो आणि सुटतो. पुढारी भाषण ठोकतो आणि सुटतो. मास्तर धडा संपवितो आणि सुटतो. मग कोणाला कांहीं कळलें नाहीं असें दिसलें, कीं चौघेहि एकच वाक्य बोलतात: "इतकें सांगूनहि या लोकांना समजत नाहीं!" माझें म्हणणें असें आहे कीं हें वाक्य आतां बंद झालें पाहिजे. ज्याला समजावयाचें तो कोण, तो कोठें उभा आहे, कोणत्या शब्दानें त्याला अर्थ लागतो, हें न पाहतां जो बोलला तो बोललाच नाहीं. कळलें नाहीं तर पहिला दोष सांगणाराचा. ऐकणाराचा दोष असेल तर तो मागाहून पाहूं.

पहिला गुन्हा माझा स्वतःचाच सांगतों, म्हणजे दुसऱ्याचे सांगावयास तोंड राहील.

अध्यापक विद्यालयांतून पदविका घेऊन मी नुकताच नोकरीस लागलों होतों. पुसदकडच्या एका तांड्यावर नेमणूक झाली. विद्यालयांत आमच्याकडून घोकून घेतलें होतें कीं ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावें, सोप्याकडून अवघडाकडे जावें. परीक्षेंत मीं तें सुंदर अक्षरांत लिहिलें आणि गुणहि मिळविले. तांड्यावर पहिल्याच आठवड्यांत एका पोराला विचारलें, "तुझ्या आईचें नांव काय?" पोर गप्प. पुन्हां विचारलें, आवाज चढवून विचारलें. गप्पच. महिनाभर तें पोर एक शब्द बोललें नाहीं, आणि मीं माझ्या टांचणाच्या वहींत त्याच्या नांवापुढें 'मंद' असें लिहून ठेवलें. एके दिवशीं त्याची मोठी बहीण दाराशीं आली आणि याडीनें बोलावलें म्हणून त्याला सांगूं लागली. पोर उठलें, धांवलें, आणि जातां जातां बहिणीशीं इतकें बोललें कीं मी पाहतच राहिलों. बंजारा घरांत आईला याडी म्हणतात, भाकरीला बाटी म्हणतात. तांड्यावर पाऊल ठेवण्यापूर्वीं एवढें तरी मला ठाऊक असावयास पाहिजे होतें. मंद पोर नव्हतें, मास्तर होता! वहींतला शब्द मीं खोडला. पण महिनाभर ज्या नजरेनें मीं त्या लेकराकडे पाहिलें, ती नजर कशानें खोडावी?

शाळेंत असें चुकलें तर पोर मागें राहतें. शेतांत चुकलें तर माणूस मरतो. हें मी अलंकारानें बोलत नाहीं. आपल्या यवतमाळ जिल्ह्यानें तें डोळ्यांनीं पाहिलें आहे.

२०१७ सालचा पावसाळा आठवा. त्या हंगामांत कपाशीवर फवारणी करतां करतां विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यांत वीसाहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, आणि शेंकडों माणसें दवाखान्यांत पडलीं. कित्येकांच्या डोळ्यांपुढें अंधारी आली, हातपाय थरथरले, शुद्ध हरपली. त्या वर्षीं पऱ्हाटी माणसाच्या डोक्याला लागली होती. हवा दमट होती. अळीच्या धास्तीनें फवारणीवर फवारणी चालली होती. दोन दोन, तीन तीन औषधें एकाच ड्रमांत कालवून मारीत होते. पेट्रोलवर चालणारे पंप धुक्यासारखा बारीक फवारा उडवीत होते, आणि पंप पाठीवर घेतलेला गडी त्या धुक्यांतूनच चालत होता. सरकारनें तपासासाठीं विशेष पथक नेमलें. वर्तमानपत्रांत रकाने भरले. आणि त्यावेळीं पुष्कळ शहाण्या तोंडांतून तेंच जुनें वाक्य बाहेर पडलें: "बाटलीबरोबर पत्रक असतें, डब्यावर खूण असते, तरी हे लोक वाचत नाहींत!"

बरें, आपण तें पत्रक वाचूं या.

कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालचा, त्याचे नियम १९७१ सालचे. नियमाप्रमाणें बाटलीबरोबर माहितीचें पत्रक दिलें पाहिजे, आणि तें देतात. घड्या उलगडीत गेलें तर तें हातभर लांब होतें. एका कागदावर अनेक भाषा. त्यांत आपली मराठी शोधून काढावयाची, आणि ती सांपडली तर अक्षर मोहरीएवढें. सातवीच्या वर्गांतल्या तल्लख पोरांना मीं तें वाचावयास दिलें. पोरांनीं डोळे बारीक केले, कागद उजेडाकडे धरला, आणि चौथ्या ओळीला हात टेकले. चाळिशी उलटलेल्या, उन्हांत डोळे जाळलेल्या माणसानें तें कसें वाचावें? ज्यानें पत्रक छापलें त्यानें कायद्यासाठीं छापलें. कायदा तपासणारा त्याच्या डोळ्यांपुढें होता. पाठीवर पंप घेतलेला गडी नव्हता.

आतां बाटलीवरची खूण पाहा. एक चौकोन कोनावर उभा करून त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणाच्या रंगावरून विष किती कडक तें ओळखावयाचें. तांबडा सर्वांत जहाल. त्याच्या खालोखाल पिवळा. मग निळा. मग हिरवा. तांबड्या रंगाच्या खुणेवर कवटी व हाडें असतात. रंग अक्षराहून बरा, हें खरें. पण हे रंग नेमणारानें आमच्या घरांत कधीं डोकावून पाहिलें होतें काय? तांबडा धोक्याचा, हें पटतें. पण पिवळा? पिवळी ती हळद. नवरदेवाला लावतात ती, जखमेवर दाबतात ती. आमच्या बायामाणसांच्या मनांत पिवळ्यासारखा शुभ रंग नाहीं, आणि येथें तो कडक विषाचा सोबती! निळा म्हणजे पांढऱ्या धोतराला द्यावयाची नीळ. आणि हिरवा तर उभ्या पिकाचा, सुकाळाचा रंग. हिरवा त्रिकोण पाहून शेतकरी म्हणतो, हें पिकाला चांगलें असेल. हिरव्याचा अर्थ विष नाहीं असा नव्हे. विष त्यांतल्या त्यांत कमी, एवढाच. हें कोणीं तोंडानें सांगितल्याशिवाय डोळ्यांना कळणार नाहीं.

माप पाहा. पत्रकांत माप हेक्टरीं दिलेलें असतें. आमचा माणूस एकर मोजतो, पंप मोजतो, झाकण मोजतो. समजा पत्रकांत लिहिलें आहे: हेक्टरीं १००० मिलिलिटर औषध, ५०० लिटर पाण्यांत. याचा अर्थ एका लिटरला २ मिलिलिटर, आणि पंधरा लिटरच्या पंपाला ३० मिलिलिटर. हा हिशेब केवळ नमुन्याचा. प्रत्येक बाटलीचें माप निराळें. पण असा हिशेब चौथीचें पोर करूं शकतें. कंपनीच्या पदवीधरांना तो कागदावर करून देतां आला नसता काय? त्यांनीं तो केला नाहीं, म्हणून तो दुकानाच्या फळीवर उभ्यानें होतो, आणि दुकानदार म्हणतो, "दोन झांकणें टाका, जरा जास्तच टाका." झांकण कोणत्या बाटलीचें, त्यांत किती मावतें, हें विचारावयाची सोय नाहीं. पूर्वीं पोथीचा अर्थ आपणांस लागत नव्हता, म्हणून ज्याला लागत होता त्याच्या मुठींत आपलें घर होतें. आतां पत्रकाचा अर्थ लागत नाहीं, म्हणून ज्याच्या फळीवर बाटली आहे त्याच्या मुठींत आपलें शेत आहे. पोथी बदलली, मूठ तीच!

आणि सर्वांत वाईट शब्द तर आपणच वापरतों. आपण त्याला 'औषध' म्हणतों, 'दवाई' म्हणतों. औषध म्हणजे जें घेतल्यानें माणूस बरा होतो. घरांतलें लेकरू बाप सकाळीं "औषध मारायला" जातो असें ऐकतें. तें त्या बाटलीला कशाला भ्यावें? अळीचें तें मरण आहे आणि माणसाचेंहि आहे. मग त्याला त्याच्या खऱ्या नांवानें हांक कां मारूं नये?

हें सगळें मला पहिल्यापासून कळत होतें असें कोणी समजूं नये. मीं स्वतः तीच चूक केली. त्या वर्षाच्या पुढल्या हंगामांत गांवांत जागृति करावी म्हणून सूचनांचा एक छापील कागद माझ्या हातीं आला. दुपारीं चार वाजतां चावडीपुढें लोक जमविले आणि मीं तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत खणखणीत आवाजांत वाचला. 'संरक्षक साधनांचा वापर करावा.' 'वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनें फवारणी करूं नये.' 'त्वचेद्वारें विषाचें शोषण होतें.' लोकांनीं माना डोलावल्या. मी मनांत खूष झालों. तेवढ्यांत ओट्याच्या कडेला बसलेला एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "गुरुजी, सांगतलं ते बेस सांगतलं. पन हे कोनाले सांगून रायले जी तुमी? मारनारे तं समदे वावरात हायेत."

मीं समोर पाहिलें. खरेंच! माझ्यापुढें म्हातारे होते, दोन दुकानदार होते, शेत बटाईनें दिलेले चार मालक होते आणि शाळा सुटलेलीं पोरें होतीं. पाठीवर पंप घेणारा एकहि माणूस त्यांत नव्हता. तो दिवस मावळल्यावर घरीं येणार होता. मीं गांवाला सांगितलें, पण ज्याचा जीव जावयाचा त्याला सोडून बाकी सगळ्या गांवाला सांगितलें.

दुसऱ्या दिवशीं दिवेलागणीला मी मजुरांच्या वस्तींत गेलों. कागद घरींच ठेवला. सांगावयाचें नाहीं, विचारावयाचें, असें ठरवून गेलों. फवारणीच्या दिवशीं सकाळपासून काय काय करतां, तें मला सांगा, एवढेंच म्हटलें. गडी सांगूं लागले. मध्येंच एक बाई हंसून म्हणाली, "फवारा मारते हे, पन पानी तं आमी भरतो. ड्रमात दवाई आमीच वततो." मीं विचारलें, ढवळतां कशानें? ती म्हणाली, "काडी कुठी शोधाव? हातानंच."

वाचकहो, त्या क्षणीं मला त्या छापील कागदाचा खरा दोष दिसला. कागदांत जागोजाग लिहिलें होतें: 'फवारणी करणारानें हातमोजे घालावे', 'फवारणी करणारानें हात धुवावे'. त्या बाईनें तें ऐकलें असतें तरी मनांत म्हणाली असती, मी कोठें फवारतें? मी पाणी भरतें! सर्वांत दाट विष, पाण्यांत मिसळण्याच्या आधींचें, कोपरापर्यंत तिच्या हाताला लागत होतें, आणि सगळ्या कागदांत तिला उद्देशून एक अक्षर नव्हतें. लिहिणाराला ती ठाऊकच नव्हती.

मग मीं त्यांच्याच जवळचें घेऊन त्यांना सांगावयास लागलों. "बिब्बा खावा लागतो काय? नुसता अंगाला लागला तरी उततो कीं नाहीं?" सगळे म्हणाले, उततो. "हें जहर तसेंच अंगांतून आंत जातें. बिब्बा उतलेला दिसतो. हें उतलेलें दिसत नाहीं, एवढाच भेद." 'त्वचेद्वारें शोषण' या दोन शब्दांनीं जें चावडीवर झालें नाहीं तें बिब्ब्याच्या एका गोष्टीनें झालें. वाऱ्याचें सांगावयाचें होतें. "ज्वारी उपणतांना कोठें उभ्या राहतां?" एक म्हातारी म्हणाली, "वारा पाठीकून घेवाव लागते, नाईतं कोंडा डोयात जाते." "मग फवारतांना तेंच करा. कोंडा डोळ्यांत गेला तर डोळा चुरचुरतो, हें गेलें तर माणूस जातो." कोणाला दुसऱ्यांदा सांगावें लागलें नाहीं. शेवटीं तीच ड्रमवाली बाई म्हणाली, "गुरुजी, मंग याले दवाई काऊन म्हनाव? जहरच म्हनाव." माझ्या मनांतलें वाक्य तिच्या तोंडून आलें. तें मीं सांगितलें असतें तर मास्तरचा उपदेश झाला असता. ती बोलली म्हणून तो वस्तीचा शब्द झाला.

हा कांहीं माझा शोध नव्हे. आपल्या थोरांनीं हें पूर्वींच करून दाखविलें आहे. आपण त्यांच्या तसबिरींना हार घालतों आणि त्यांची रीत विसरतों.

जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ सालीं पुरा केला. तो लिहीत असतां त्यांनीं तो कपाटांत झांकून ठेवला नाहीं. पुणें, मुंबई, ठाणें, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणीं जाऊन त्यांनीं तो लोकांना वाचून दाखविला. ज्यांच्याविषयीं लिहिलें त्यांच्याच पुढें वाचला! विचार करा, यांत केवढी हिंमत आहे. विद्वानांपुढें शेतकऱ्याविषयीं वाचणें सोपें आहे. शेतकऱ्यापुढें वाचलें तर तो लगेच म्हणेल, असें नसतें हो. जो लेखक ही परीक्षा देतो त्याच्या शब्दाला वजन येतें. आज आपल्यासाठीं निघणारें कोणतें परिपत्रक छापण्यापूर्वीं एकाहि शेतकऱ्याला वाचून दाखवितात, तें कोणी मला सांगावें.

सत्यशोधकांचे जलसे घ्या. लोक तमाशाला जमतात, सभेला जमत नाहींत, हें त्या माणसांनीं पाहिलें. त्यांनीं लोकांना शिव्या दिल्या नाहींत; तमाशाचाच साज घेतला आणि त्यांत आपला विचार भरला. मुकुंदराव पाटलांनीं १९१० पासून 'दीनमित्र' चालविला, तो पुण्यामुंबईच्या पेठेंतून नव्हे, तर नगर जिल्ह्यांतल्या तरवडीसारख्या खेड्यांत राहून. ज्याच्या दाराशींच वाचक बसला आहे त्याला वाचकाचा शब्द शोधावा लागत नाहीं.

आणि आपल्या वऱ्हाडांतच पाहावयाचें तर गाडगेबाबा आहेत. १८७६ सालीं अमरावतीकडच्या एका परीट घरांत जन्मलेला हा माणूस शाळेंत गेला नव्हता. पण लोकांशीं बोलावें कसें, हें शिकावयास मोठमोठ्या पदवीधरांनीं त्यांच्या पायांशीं बसावें. बाबा गांवांत आले कीं आधीं हातांत खराटा. दिवसभर गांव झाडावयाचें. रात्रीं कीर्तन. आम्ही यांत फक्त स्वच्छता पाहतों. मला त्यांत आणखी एक दिसतें. ज्यानें दिवसभर गांवाचे गल्लीबोळ झाडले, त्याला त्या गांवांत दारूची बाटली कोठें पडली आहे, कोंबड्याचीं पिसें कोणत्या देवळामागें आहेत, कोणाच्या दारांत पोर उघडें बसलें आहे, हें सगळें ठाऊक झालेलें असे. रात्रीं कीर्तनाला उभे राहतांना समोरचा माणूस कोण, याचा अभ्यास खराट्यानेंच झालेला असे! आणि कीर्तनांत ते सांगत थोडें आणि विचारीत फार. प्रश्न त्यांनीं टाकावयाचा, उत्तर लोकांनीं द्यावयाचें. लोकांच्याच तोंडून उत्तर आलें कीं तें नाकारावें कोणीं? कर्ज काढून सण करूं नका, देवापुढें जनावर मारूं नका, ताटवाटी नसली तर हातावर भाकर घ्या पण पोरांना शिकवा, हें सगळें त्यांनीं वऱ्हाडी बोलींत लोकांच्या गळीं उतरविलें. १९५६ सालीं बाबा गेले. त्यांच्या नांवानें अभियानें निघालीं, खराटे वांटले गेले. पण विचारण्याची ती रीत कोणीं उचलली?

आतां कोणी म्हणेल, मास्तर, सगळा दोष सांगणारावर ढकलूं नका. लोकहि हट्टी असतात. सांगूनहि तोंड झांकीत नाहींत. हें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. पण भाद्रपदांतल्या उकाड्यांत, डोक्याएवढ्या पऱ्हाटींत, पंधरा लिटर पाणी पाठीवर घेऊन तोंड बांधून एक तास चालून पाहा, म्हणजे माणूस तोंडावरचें कां ओढून काढतो तें कळेल. आणि घरचें फडकें बांधलें तरी तें फवाऱ्यानें ओलें झालें म्हणजे जहर नाकाशींच धरून बसतें. अशा वेळीं "साधनें वापरा" एवढें सांगून भागत नाहीं. सकाळीं ऊन तापण्यापूर्वीं फवारा, वारा पाठीशीं घ्या, पऱ्हाटी डोक्यावर गेली असेल तर तींत शिरूंच नका, असें त्याच्या दिवसाला आणि त्याच्या शेताला धरून सांगावें लागतें. समोरच्याचा शब्द समजणें एवढ्यानेंच तो समजला असें होत नाहीं; त्याचें ओझेंहि समजावें लागतें.

दुसरी गोष्ट मालक म्हणविणाऱ्या माझ्या शेतकरी बांधवांना सांगतों, आणि ती कडू आहे. सरकार आपल्याशीं नीट बोलत नाहीं अशी आपली तक्रार. पण आपण आपल्या मजुराशीं कसें बोलतों? बाटली आपण आणतों, दुकानदार बोलतो तें आपल्याशीं, पत्रक राहतें आपल्या खिशांत, आणि ड्रमाशीं उभा राहतो तो रोजानें आलेला दुसऱ्याचा लेक. त्याला बाटलीचें नांवहि ठाऊक नसतें. उद्यां तो चक्कर येऊन पडला तर डॉक्टरला तो काय सांगणार? वरच्यानें आपल्याशीं जें केलें तेंच आपण खालच्याशीं केलें, मग आपण कोणत्या तोंडानें न्याय मागावा?

तिसरी गोष्ट आपल्या शिकलेल्या पोरांना. बाळांनो, तुम्ही तालुक्याला शिकलां, नागपूर-पुण्याला गेलां, मोबाईल तुमच्या हातांत आहे. समजा, पीकविम्याचा संदेश आला कीं गारपिटीनें नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आंत कळवा. तुमचा बाप तास मोजीत नाहीं. त्याला सांगा, "बाबा, आज मंगळवारीं दुपारीं गारा पडल्या, तर शुक्रवारच्या दुपारच्या आंत कळवलें पाहिजे." एवढें वाक्य ज्या पोराला बापाला सांगतां येत नाहीं त्याची पदवी घराला कशाला? पण पुष्कळदां पोरगें म्हणतें, "तुम्हाला नाहीं समजणार!" साहेबाच्या तोंडचें वाक्य आपल्याच घरांत, आपल्याच पोराच्या तोंडीं आलें. याहून मोठी हार कोणती?

तेव्हां करावें काय, तें थोडक्यांत लिहितों. हंगामापूर्वीं प्रत्येक गांवांत पत्रक मोठ्यानें वाचून त्याचा पंपाचा हिशेब खडूनें भिंतीवर लिहावा. हें काम शाळेच्या पोरांनीं आणि मास्तरांनीं करावें, मी माझ्या गांवापुरतें अंगावर घेतों. सभा चार वाजतां चावडीवर न घेतां दिवेलागणीला वस्तींत घ्यावी, आणि तींत पाणी भरणाऱ्या बायांना पुढें बसवावें. मालकानें मजुराला बाटली दाखवून तिचें नांव आणि रंग सांगितल्याशिवाय पंपाला हात लावूं देऊं नये. कोणाला मळमळ झाली, डोकें गरगरलें, दिसेनासें झालें, तर काम तेथेंच थांबवून कपडे काढावे, अंग साबणपाण्यानें धुवावें, आणि दवाखान्यांत नेतांना बाटली बरोबर न्यावी. आणि कोणत्याहि साहेबानें, पुढाऱ्यानें वा मास्तरनें गांवांत येऊन न समजणारें कांहीं सांगितलें, तर मान डोलावूं नये. उभें राहून विचारावें, "साहेब, हें माझ्या बोलींत सांगा."

या शेवटच्या गोष्टीवर माझा सर्वांत जास्त भर आहे. आपली मान फार लवकर डोलते. न समजल्याची लाज आपणांस पिढ्यानपिढ्या शिकविली गेली. समजलें नाहीं म्हणणें म्हणजे आपलें अडाणीपण उघडें पाडणें, असें आपणांस वाटतें. वास्तविक तें सांगणाराचें अडाणीपण उघडें पाडणें आहे. त्या दिवशीं चावडीवर सगळ्यांनीं माना डोलावल्या, आणि मी फसलों. एक म्हातारा उठला आणि त्यानें विचारलें, म्हणून मी वस्तींत गेलों, म्हणून ती बाई बोलली, म्हणून त्या हंगामापासून आमच्या गांवच्या ड्रमांजवळ काडी असते. एका प्रश्नानें एवढें केलें. गांवोगांव असा एक म्हातारा उठला पाहिजे, आणि तो उठला म्हणजे सांगणारानें रागावूं नये, खालीं बसावें आणि ऐकावें.

पालथ्या घड्यावर पाणी, ही म्हण आतां पुरे. घडा पालथा असेल तर वांकून तो उलथा करण्याची मेहनत ओतणारानें घ्यावी. आमच्या बाया रोज विहिरीवर तेंच करतात.

— एक शाळामास्तर, जिल्हा यवतमाळ